सूचनाफलकाच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

टिटवाळा, प्रतिनिधी

२९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी नागपूर-मुंबई दुरांतो एक्स्प्रेस आसनगाव आणि वाशिंद या स्थानकांदरम्यान घसरली. पावसाने लोहमार्गावर दरड आली होती. त्याच दिवशी मुंबईतही अतिवृष्टीने हाहाकार उडाला. कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर राहणाऱ्यांची त्या दिवशी दुहेरी कोंडी झाली. पुढे मार्ग बंद, मागे शहर पाण्यात. टिटवाळा, खडवली, वाशिंद येथील चाकरमान्यांनी अशा वेळी जे करायचे तेच केले, म्हणजे मोबाइल हाती घेतला. कोणती गाडी कोठे उभी आहे, रस्त्याने जाता येईल काय, कोणाच्या घरी मुक्काम करता येईल, याची उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून मिळत गेली. प्रसंग निभावला.

मात्र ते निरोप आज शोधू गेल्यास काय हाती लागते? बहुतेकांचे दूरध्वनीसंच बदलले, गट मोडले, नवे झाले. गटात नव्याने आलेल्याला आधीचे सारे संभाषण आपोआप दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात काळू नदीला पूर आला किंवा पुन्हा दरड आली की तेच प्रश्न पहिल्यापासून विचारले जातात. याउलट मराठी आंतरजालावर दीड-दोन दशकांपूर्वी झालेल्या अनेक चर्चा आजही त्यांच्या मूळ पत्त्यावर उघडतात. हा फरक माणसांच्या स्वभावातला नसून आज्ञावलीच्या घडणीतला आहे. सूचनाफलक चालविणारी आज्ञावली, जिला इंग्रजीत ‘बुलेटिन बोर्ड सॉफ्टवेअर’ म्हणतात, प्रत्येक विषयाला स्वतंत्र पत्ता देते, प्रतिसाद त्या विषयाखालीच ठेवते आणि शोधाची सोय करते. पण या सोयी टिकवायच्या तर तिची वेळोवेळी दुरुस्ती करावी लागते, आणि खरा प्रश्न येथेच आहे.

या प्रकाराचा जन्म वादळातला आहे. १९७८ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील शिकागो शहर हिमवादळाने ठप्प झाले असताना वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघा संगणकप्रेमींनी आपल्या मंडळासाठी भिंतीवरच्या सूचनाफलकाची संगणकीय आवृत्ती तयार केली. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी ती सुरू झाली. एक दूरध्वनी जोडणी, एक मोडेम आणि एका वेळी एकच वाचक, असा तो कारभार होता. एकाने फोन ठेवला की दुसऱ्याने लावायचा. भारतात सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईसारख्या शहरांत मोडेमवर चालणारे असे मोजके फलक होते.

मराठीचा प्रवेश लवकर झाला. ‘मायबोली’ १९९६ सालची. पुढे २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ठाण्याचे तात्या अभ्यंकर यांनी सुरू केलेले ‘मिसळपाव’, त्यानंतर २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. या स्थळांनी तयार आज्ञावली घेतली आणि तिला मराठी संसाराची भांडीकुंडी दिली. इंग्रजी ‘थ्रेड’चा धागा झाला, ‘प्रायव्हेट मेसेज’चा व्यक्तिगत निरोप आणि लगेच ‘व्यनि’ झाला. पाहुण्यांसाठीच्या पानाला कोठे ‘खरडवही’ तर कोठे ‘विचारपूस’ असे नाव मिळाले. केवळ भाषांतर करणाऱ्या समितीला असे शब्द सुचले असते, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटत नाही. ‘मनोगत’ने तर लिहिण्याच्या चौकटीतच मराठी टंकनाची आणि शुद्धलेखन तपासण्याची सोय दिली. ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने हीच टंकनसुविधा इतर स्थळांनाही उपलब्ध करून दिली. रोमन कळफलकावर मराठी लिहिण्याची सवय त्या काळात हजारोंना लागली ती अशा साधनांमुळे.

तीन बाइटांचे अक्षर

मराठीसाठी दुरुस्ती म्हणजे काय, हे समजण्यास एक छोटे गणित पुरेसे आहे. युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘टिटवाळा’ या शब्दात अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे एकवीस बाइट. इंग्रजी हिज्ज्यातले एक अक्षर एका बाइटात बसते. २००२ साली आलेल्या ‘पीएचपीबीबी’ या विनामूल्य आज्ञावलीच्या दुसऱ्या आवृत्तीत विषयाच्या शीर्षकासाठी साठ जागा राखून ठेवलेल्या होत्या. इंग्रजी लेखकाला त्या भरपूर होत्या. त्याच साठ जागांत बाइटांच्या हिशेबाने ‘टिटवाळा’ हा शब्द सलग तीन वेळाही लिहिता येत नाही, त्रेसष्ट बाइट होतात. शीर्षक मध्येच कापले जाई आणि कापलेल्या जागी अक्षराऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उभे राही. लेखकाला वाटे, आपलेच काही चुकले.

डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवण्याची व्यवस्था केली. पण नवी आज्ञावली बसविली म्हणजे जुना मजकूर आपोआप सुधारतो, असे नव्हे. जुन्या विदागारात मराठी मजकूर अनेकदा पाश्चात्त्य लिपीचा शिक्का मारून साठविलेला असे. स्थलांतराच्या वेळी तो शिक्का खरा मानला गेला, तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी तीन विचित्र रोमन चिन्हे उमटतात आणि वर्षानुवर्षांचे लेखन एका रात्रीत गिचमिड होऊन बसते. उलट दिशेने फिरविल्यास ते पूर्ववत करता येते. मात्र मधल्या काळात कोणी त्याच विदागारात नवे लेखन केले असेल, तर दोन्हींचे मिश्रण सोडविणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम होते.

शोधाची कथा याहून मजेची आहे. ‘कसाऱ्याची लोकल’ हे शब्द शोधून पाहावेत. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येते. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. पण लेखकाने एका पद्धतीने लिहिले आणि शोधणाऱ्याने दुसरीने, तर शोधयंत्र ‘काही सापडले नाही’ असे नम्रपणे सांगते. लेखन समोर असते, पण नसल्यासारखे. या दोषावर मराठी जाणणाऱ्याने स्वतः नियम लिहून द्यावा लागतो. परदेशातील कार्यकर्त्यांच्या तो ध्यानात येण्याचे कारणच नाही.

रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार

अक्षरांची दुरुस्ती लांबली तर गैरसोय होते. सुरक्षेची लांबली तर घरच जाते. पीएचपीबीबीच्या दुसऱ्या आवृत्तीतील एक छिद्र नोव्हेंबर २००४ मध्ये बुजविण्यात आले होते. सुधारित आवृत्ती सर्वांना फुकट उपलब्ध होती. तरीही महिन्याभराने, डिसेंबर २००४ मध्ये, ‘सँटी’ नावाचा संगणकीय किडा गुगलच्या शोधयंत्रातूनच सुधारणा न केलेले फलक हुडकत गेला आणि त्यांची पाने पुसत सुटला. औषध घरात होते, घेतले कोणी नव्हते.

मराठीतील अनेक मोठी स्थळे ज्या ‘ड्रुपल’वर उभी राहिली, त्याचा अनुभव तर अधिक बोलका आहे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊच्या सुमारास, ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीतील एका गंभीर दोषाची आणि त्यावरील दुरुस्तीची घोषणा झाली. दोन आठवड्यांनी त्यांच्या सुरक्षा पथकाने स्पष्ट सांगितले की, घोषणेपासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले स्थळ फोडले गेले आहे असेच गृहीत धरावे. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार. पहाटेची लोकल गाठण्यासाठी टिटवाळ्यात लोक उठू लागतात, त्या वेळेपर्यंत मुदत संपलीही होती. नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून सर्व्हरचे भाडे भरून फलक चालविणाऱ्या हौशी माणसाने त्या रात्री जागे असावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते? मोठ्या कंपनीकडे त्यासाठी पाळीवर माणसे असतात. पैसे मोजून घेतलेली आज्ञावलीही यातून सुटत नाही. विकत मिळणाऱ्या ‘व्हीबुलेटिन’मधील असेच एक छिद्र सप्टेंबर २०१९ मध्ये आधी जगजाहीर झाले आणि दुरुस्ती नंतर आली.

नव्या सोयींच्या बाबतीत चित्र इतके निराश नाही. २०१३ मध्ये आलेल्या ‘डिस्कोर्स’ने सदस्याची विश्वासपातळी ही कल्पना रूढ केली. नवागताला सुरुवातीला मोजकेच अधिकार मिळतात, वाचन आणि सहभाग वाढेल तसे ते वाढत जातात. जाहिरातबाज आणि एकाच माणसाचे चार-चार आयडी, या मराठी फलकांच्या जुन्या दुखण्यांपैकी पहिल्यावर तरी हा चांगला उतारा आहे. दुसऱ्यावर अजून औषध निघालेले नाही.

संपादनाची नोंद ही आणखी एक महत्त्वाची सोय. कोणी, केव्हा, कोणता प्रतिसाद उडविला याची नोंद बहुतेक आज्ञावल्या ठेवतात. तिचे मोल वाद न्यायालयात गेल्यावर कळते. व्हॉट्सअ‍ॅप गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ गटप्रमुख असल्याच्या कारणाने कोणाला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत असेल तर गोष्ट वेगळी. गटप्रमुखाला सदस्यांच्या लेखनावर आधीच नियंत्रण ठेवता येत नाही, हा त्यातील एक मुद्दा होता. सूचनाफलकाच्या संपादकाला मात्र मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो रोखून धरण्याचीही सोय असते. सोय वाढली की उत्तरदायित्वही वाढते, हे संपादक मंडळात उत्साहाने नाव देणाऱ्यांनी लक्षात घेतलेले बरे.

मग हा व्याप सोडून सरळ मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाला का जाऊ नये? अनेकांनी तेच केले, आणि त्याचा हिशेबही समोर आहे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. ऑर्कुट, ज्यावर गावोगावच्या, शाळा-महाविद्यालयांच्या मराठी समूहांनी एके काळी गर्दी केली होती, ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. त्याच्या समूहांचे जतन केलेले लेखनही पुढे काढून टाकण्यात आले. याहू ग्रुप्सवरील मजकूर २०१९ च्या अखेरीस हटविण्याचे जाहीर झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये सेवाच संपली. या कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी कामात कसूर केली असे नाही. त्यांच्या ताळेबंदात आपल्या चर्चेला किंमत नव्हती, इतकेच.

आता वेळ स्वतःच्या जागेत राहणाऱ्यांवर आली आहे. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. ती २०११ मध्ये आली होती, म्हणजे चौदा वर्षे चालली. जगभरातील लाखो स्थळे त्या दिवशीही तिच्यावरच होती. आठव्या आवृत्तीपासून ड्रुपलची मांडणी इतकी बदलली आहे की सातवीतून पुढे जाणे ही दुरुस्ती राहत नाही. ते घर पाडून बांधण्यासारखे आहे. मराठीसाठी केलेले फेरफार, टंकनाची चौकट, खरडवही, सारे नव्याने लिहावे लागते. यातला विरोधाभास असा की ड्रुपल हे मुळात बेल्जियममधील अँटवर्प येथे द्रीस बाउतार्त या विद्यार्थ्याने मित्रांसाठी केलेल्या छोट्या सूचनाफलकातून निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत मात्र चर्चाफलकाचा विभाग मूळ संचातून वगळण्यात आला. ज्यांना हवा त्यांनी तो वेगळा बसवावा.

पर्याय तीन दिसतात. सातव्या आवृत्तीपासून फुटून निघालेल्या आणि जानेवारी २०१५ पासून उपलब्ध असलेल्या ‘बॅकड्रॉप’वर जाणे हा त्यातला सर्वांत कमी त्रासाचा. खासगी कंपन्यांकडून जुन्याच आवृत्तीची देखभाल विकत घेता येते, पण हौशी मंडळांना ती परवडणे कठीण. तिसरा मार्ग म्हणजे सर्व धागे साध्या, स्थिर पानांत रूपांतरित करून फलक वाचनापुरता ठेवणे. त्यात फोडण्यासारखे फारसे काही उरत नाही, भाडेही नाममात्र लागते. मात्र नवा प्रतिसाद कोणाला देता येणार नाही.

हा निर्णय आज ना उद्या प्रत्येक चालकाला घ्यावा लागेल, आणि तो घेण्यापूर्वी एक साधे काम आजच करता येण्यासारखे आहे. संपूर्ण विदागाराची प्रत काढावी, ती दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून मराठी अक्षरे शाबूत आहेत ना हे पाहावे, आणि सर्व्हरचा परवलीचा शब्द किमान आणखी एका व्यक्तीच्या स्वाधीन करावा. कल्याण-डोंबिवली परिसरातील रहिवासी संघ, वाचनालये आणि प्रवासी मंडळे यांच्यापैकी ज्यांनी हौसेने स्वतःचे फलक उभारले असतील, त्यांच्यासाठी या तिसऱ्या कामाला पैसा लागत नाही. फक्त तो शब्द सध्या नेमका कोणाकडे आहे, एवढे आधी शोधून काढावे लागेल.