पाळतीचे प्रदर्शन

न्यूयॉर्कच्या एका कलादालनात २०१३ साली मांडलेल्या छायाचित्रांतील माणसांना आपले छायाचित्र घेतले गेले आहे, याची कल्पनाही नव्हती. आर्ने स्वेन्सन या छायाचित्रकाराने आपल्या घरासमोरील काचेच्या इमारतीतील बिऱ्हाडांवर दुरून भिंग रोखून ती टिपली होती. चेहरे बहुतेक झाकलेले होते. पण एका कुटुंबातील मुले ओळखू येत होती. त्या कुटुंबाने दावा लावला. एप्रिल २०१५ मध्ये अपील न्यायालयाने छायाचित्रकाराच्या बाजूने निकाल दिला. न्यूयॉर्क राज्याचा कायदा जाहिरात व व्यापार यांसाठी होणाऱ्या वापरालाच मनाई करतो; कलाकृती त्याच्या कक्षेत येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र हे वर्तन अस्वस्थ करणारे आहे आणि विधिमंडळाने या प्रश्नाचा फेरविचार करावा, असेही त्याच निकालपत्रात नमूद केले.

निकाल कायद्याला धरून होता, यात शंका नाही. परंतु हेच भिंग एखाद्या रिकामटेकड्या शेजाऱ्याने रोखले असते तर त्याची संभावना कोणत्या शब्दांत झाली असती, हे सांगायला नको. चौकट, पांढरी भिंत, चित्राशेजारची पाटी आणि दालनातील ती अदबशीर शांतता एवढ्या सामग्रीने त्याच कृतीला प्रतिष्ठा आली. प्रदर्शनाचे संकेत आपण निरुपद्रवी मानतो. ते तसे नाहीत. प्रेक्षकाच्या मनातील संकोच दूर करण्याचे काम ते बिनबोभाट करतात.

फ्रेंच कलावती सोफी काल यांनी हा खेळ फार पूर्वी सुरू केला. १९८१ साली व्हेनिसच्या एका हॉटेलात त्यांनी तीन आठवडे खोल्या झाडण्याची नोकरी धरली आणि पाहुण्यांच्या अपरोक्ष त्यांच्या पेट्या, पत्रे व रोजनिशा धुंडाळून त्यांची छायाचित्रे व टिपणे मांडली. १९८३ साली रस्त्यात सापडलेल्या एका पत्त्यांच्या वहीतील माणसांना गाठून त्यांनी वहीच्या मालकाचे शब्दचित्र जमवले आणि ते ‘लिबेरासिओं’ या दैनिकात क्रमशः छापले. मालक अर्थातच खवळला. प्रेक्षकाला स्वतःच्याच कुतूहलाची लाज वाटावी, हा अशा कृतींचा हेतू असतो, असे त्यांचे समर्थक म्हणतात. हा बचाव अगदीच पोकळ नाही. स्वतःच्या मागावर गुप्तहेर लावण्याची व्यवस्थाही त्यांनी आईकरवी केली होती, हेही त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण तेथे संमती होती. हॉटेलातील पाहुण्यांना कोणी विचारले नव्हते.

याउलट चिनी कलावंत आय वेवे यांचे उदाहरण आहे. एप्रिल २०११ मध्ये त्यांना बीजिंगच्या विमानतळावर ताब्यात घेण्यात आले आणि ८१ दिवस अज्ञात स्थळी ठेवण्यात आले. दोन पहारेकरी अहोरात्र शेजारी असत. जेवताना, झोपताना, अंघोळ करताना, शौचालयातही. सुटकेनंतर त्यांनी हे प्रसंग सहा लोखंडी पेट्यांत उभे केले. २०१३ साली व्हेनिसच्या एका चर्चमध्ये त्या ठेवल्या गेल्या. पेटीत निम्म्या आकाराचे पुतळे. बाहेरून काहीच दिसत नाही. पाहायचे तर अरुंद फटीला डोळा लावावा लागतो. म्हणजे प्रेक्षक पहारेकऱ्याच्या जागी जातो. येथे प्रदर्शनाचा संकेत प्रेक्षकावरच उलटवला आहे, आणि उघडे पडलेले जीवन कलावंताचे स्वतःचे आहे. ही किंमत त्याने दुसऱ्या कोणाकडून वसूल केलेली नाही. स्थानबद्धतेला एक वर्ष झाले तेव्हा, ३ एप्रिल २०१२ रोजी, त्यांनी आपल्या घरात चार कॅमेरे लावून सारे जगापुढे खुले केले होते. पोलिसांनी आधीच घराभोवती कॅमेरे लावले होते. मग घरधन्याने आणखी चार लावले तर बिघडले कुठे? तरीही ४६ तासांत ते बंद करण्याचा हुकूम आला. पाळत ठेवण्याचा मक्ता कोणाकडे आहे, हे त्या हुकमाने जितके स्पष्ट केले तितके एखाद्या प्रबंधानेही झाले नसते.

आपल्याकडे हा मक्ता तपासण्याची वेळ न्यायालयावर पूर्वीच आली होती. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या खडक सिंग यांच्या घरावर उत्तर प्रदेश पोलीस पाळत ठेवीत आणि रात्री-अपरात्री दार ठोठावीत. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण गुप्त पाळत कायम ठेवली; खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, असे बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत भिन्न होते. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले.

त्यानंतर आलेल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र पारडे पुन्हा सरकारकडे झुकवले. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम बदलून टाकले. व्यापक लोकहितासाठी अशी माहिती देण्याची तरतूद त्या कलमातच होती. ती आता तेथून गेली आहे. लोकहिताचा आधार दुसऱ्या एका उपकलमात शिल्लक आहे खरा, पण त्याचे ओझे अर्जदाराने वाहायचे. नागरिकाच्या घरात डोकावण्याची सरकारची खिडकी रुंद आणि सरकारी दप्तरात डोकावण्याची नागरिकाची फट अरुंद, असा हा खासगीपणा आहे. सरकारी कामावरील हजेरीपट किंवा लाभार्थींची यादी मागायला गेलेल्या गावकऱ्याला ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे सांगून परत पाठवणे कचेरीतल्या अधिकाऱ्याला आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.