वतन कुणाचं, जबान कुणाची?

परवा नाक्यावर एक दोस्त बोलून गेला, 'उर्दूचं आपल्याला काय? ती मोगलांची भाषा. मुसलमानांची.' मी म्हटलं, साल्या, कालच्या मोर्चात तूच 'इन्कलाब' ओरडत होतास ना? आता हक्क, जुलूम, गुलाम हे शब्द काढून टाक नि भाषण ठोकून दाखव.

मोगलांच्या दप्तराची भाषा उर्दू नव्हतीच. ती होती फारसी. फर्मानं फारसीत, हिशेब फारसीत. उर्दूचा सांगाडा दिल्ली-मेरठकडच्या खडीबोलीचा. नांगर हाकणाऱ्याच्या, पाणी वाहणाऱ्या भिश्त्याच्या तोंडची बोली. तिच्यात फारसी-अरबी शब्द मिसळले. 'उर्दू' हा शब्द मूळचा तुर्की, अर्थ छावणी. शाहजहाननं वसवलेल्या दिल्लीला 'उर्दू-ए-मुअल्ला' म्हणत, म्हणजे थोर छावणी. तेच नाव भाषेला लागलं, पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बादशाही खिळखिळी झाल्यावर. तोवर ती हिंदवी होती, रेख्ता होती.

मग आले शुद्धीवाले. १८०८ च्या सुमाराला इन्शा अल्ला खान 'इन्शा' यानं 'दर्या-ए-लताफत' लिहिलं. उर्दूचं व्याकरण, पण लिहिलं फारसीत! अस्सल उर्दू कुणाची, तर दिल्लीतल्या निवडक खानदानी माणसांची. विणकराची, खाटकाची नाही. मित्रांनो, हा खेळ आपल्या ओळखीचा आहे. आपली बोली गावंढळ नि पेठांतली मराठी प्रमाण, हे शाळेत आपण छड्या खाऊन शिकलो. भाषा घडवायची राबणाऱ्यानं, मालकी सांगायची बसून खाणाऱ्यानं.

म्हणून मी उर्दूची आरती ओवाळणार नाही. एकच शब्द घ्या, 'वतन'. उर्दू शायर वतन म्हणतो तेव्हा त्याला मायभूमी आठवते. आमच्या गावात महारवतन म्हणजे रात्रंदिवस गावकीची नि सरकारची राबणूक, बदल्यात जमिनीचा तुकडा नि बलुतं. माझ्या पणज्याच्या मानेवर तेच जू होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं. वतन मोडायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. शब्द एकच. कुणाला देश मिळाला, कुणाला वेठ. तेव्हा दोष शब्दाचा नाही, तो कुणाच्या हातात आहे त्याचा आहे.

आणि आज तोच शब्द पाटीवरनं पुसायला निघालेत. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. तेवढ्यावरनं भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टानं पाटी राखली नि बजावलं, भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीतली आहे.

कोर्टानं सांगावं लागलं, याची लाज वाटते. आज उर्दूची पाटी उतरवणारे उद्या आपल्या वस्तीवरची निळी पाटी सोडतील, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल गप्प बसावं.

मी बसणार नाही.