बस जिथं थांबत नाही

आम्हा परभणीकरांसाठी औरंगाबाद हे बघायचं शहर कधी नव्हतंच. ते कामाचं शहर. कुणाची केस खंडपीठात, कुणाचा पेशंट घाटीत, कुणाचा कागद विभागीय आयुक्तालयात अडकलेला. १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत आमच्या पदव्यांवरचा शिक्काही तिथलाच असायचा. आमच्या मोहल्ल्यातली किती तरी पोरं वाळूजच्या कंपन्यांत कामाला आहेत. सकाळच्या गाडीनं जायचं, काम उरकायचं, मिळेल त्या गाडीनं परत यायचं. मकबरा लांबून दिसला तर दिसला.

या हिवाळ्यात आम्ही दोन घरची माणसं मिळून पहिल्यांदाच पाहुण्यासारखे तिथं गेलो. गाईडसह एका दिवसाची टूर, खासगी बस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की. शहराचं सरकारी नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. त्याआधी औरंगाबाद, त्याआधी फतेहनगर, त्याच्याही आधी खडकी. आमच्या घरात तोंडी जुनं नाव आहे, तिकिटावर नवं. मी दोन्ही वापरतो. नावावर भांडण्यासाठी हा लेख नाही. त्या एका दिवसात गावाचा इतिहास आपल्याला कसा वाटून दिला जातो, त्याबद्दल आहे.

आधी सांगतो, गाईड चांगला होता. सनावळी पाठ, आवाज खणखणीत, म्हाताऱ्या माणसांना हात देऊन पायऱ्या चढवणारा. त्याच्या पोटावर पाय आणायचा माझा हेतू नाही, म्हणून त्याचं आणि त्याच्या कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तक्रार त्याच्याबद्दल नाहीच. तो जी गोष्ट सांगतो ती त्यानं रचलेली नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या हातात दिलेली आहे.

त्या गोष्टीत दोनच माणसं असतात, आमचा राजा आणि तुमचा बादशहा.

मकबऱ्यात हे फार स्पष्ट झालं. गाईडनं बांधकामाचा खर्च सांगितला, ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि सात आणे. ताजमहालाशी तुलना केली, लोक हसले. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाला, "पण काही म्हणा चाचा, तुमच्या लोकांनी बांधलंय जबरदस्त!" त्याला कौतुकच करायचं होतं. तासाभरापूर्वी खुलताबादेत औरंगजेबाच्या कबरीविषयी बोलताना मात्र त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं होतं. ते टाळणंही सौजन्यच. पण कौतुक आणि संकोच, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत होती. ती म्हणजे हे सगळं माझं आहे.

माझे पणजोबा पिंजारी होते. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव कापूस पिंजायचे, लोकांच्या गाद्या-रजया भरायचे. शहजादा आझमशहानं आईची कबर संगमरवरात बांधली, यात त्यांचा काय वाटा? आणि त्या आईच्या नवऱ्यानं संभाजीराजांना हालहाल करून मारलं, यात तरी त्यांचा काय वाटा? बादशहाच्या वैभवाचा वारसा मला नको, म्हणजे त्याच्या जुलमाचा हिशोबही माझ्या दारात येणार नाही. पण हे दोन्ही बाजूंनी पाळावं लागतं. आपल्यातली काही पोरं मोबाईलच्या स्टेटसवर बादशहाचे फोटो लावून छाती फुगवतात, आणि त्यावरून गावात तणाव झाला की मग म्हणतात, आमचा काय संबंध? संबंध नाही हे खरंच आहे. मग फोटो लावताना तो कुठून आला?

मार्च २०२५ मध्ये त्या कबरीवरून नागपुरात दंगल पेटली. खुलताबादेतल्या एका साध्या मातीच्या कबरीसाठी शेकडो किलोमीटर लांब कुणाची दुकानं-गाड्या जळाव्यात, यासारखं दुर्दैव नाही. तिथली संगमरवरी जाळीसुद्धा मूळची नाही. ती लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामानं नंतर बसवली. मरणाऱ्याची इच्छा उघड्या, साध्या कबरीची होती. माझं मत विचाराल तर ती तशीच राहू द्यावी. पुजू नये आणि उकरूही नये.

पण त्याच खुलताबादेत आणखी एक मजार आहे आणि तिथं आमची बस थांबली नाही. मलिक अंबरची.

हा माणूस आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत बगदादमार्गे दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आयुष्यभर लढला तो मुघलांशी. जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की, अंबरच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात ते डोकं त्याला कधी मिळालं नाही. १६२६ साली अंबर मेला तो वयानं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि शहाजींचे भाऊ शरीफजी तिथं कामी आले. ज्या वेरूळला आम्ही दुपारी लेणी बघितली, ते भोसल्यांचं गाव. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार, घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे. वेरूळ आणि खुलताबाद यांच्यात बसनं दहा-पंधरा मिनिटांचंही अंतर नसेल. एका दरबारातली ही दोन घराणी, एका रस्त्यावर. गाईडला एवढं एक वाक्य सांगता आलं असतं तर "आमचा राजा, तुमचा बादशहा" ही मांडणी तिथल्या तिथं गळून पडली असती. मुघलांविरुद्ध लढणारा हबशी मुसलमान आणि त्याच्याबरोबर लढणारे मराठे, हे त्या दोन खणांच्या कपाटात कुठं ठेवणार?

अंबर काही संत नव्हता. सत्तेच्या राजकारणात जे करतात ते त्यानंही केलं. पण त्यानं दोन गोष्टी मागे ठेवल्या, आणि दोन्ही सामान्य माणसाच्या पोटाशी जोडलेल्या आहेत. एक, जमीन महसुलाची पद्धत. 'मलिकंबरी धारा' हे नाव मराठी इतिहासाच्या पुस्तकांत आजही येतं. दुसरी, पाणी. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली ती पाण्यासाठी अडचणीच्या जागी. मग उत्तरेच्या डोंगरांतून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारी नहरीत गोळा केलं, उतारानं शहरात आणलं आणि उंच खांबांवाटे हौदांत सोडलं. मोट नाही, बैल नाही, विजेचा तर प्रश्नच नाही. पाणी स्वतःच्या वजनानं चालत यायचं. पुढं त्याच विद्येवर आणखी नहरी झाल्या. त्यातल्याच एकीच्या पाण्यावर पाणचक्की फिरायची. नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या त्या चक्कीवर मुसाफिरांच्या, गोरगरिबांच्या भाकरीचं पीठ दळलं जायचं.

पाणचक्कीवर बस थांबते. वीस मिनिटं. लोक हौदातले मासे बघतात, चक्कीपुढं सेल्फी काढतात. बिस्लेरीची बाटली विकत घेतात आणि निघतात.

आता शहराची नवी बाजू बघा. जालना रोडवरून जाताना गाईडनं मॉल दाखवला, शेंद्र्याच्या ऑरिक सिटीचं सांगितलं, स्मार्ट सिटीचं सांगितलं. या नव्या शहराचं पाणी येतं जायकवाडीहून, पंपांनी उपसून, मैलोगणती पाइपांतून. आणि कित्येक वसाहतींत ते आठ-आठ दिवसांनी येतं, ही तिथल्या आमच्या नातेवाइकांची जुनी रड आहे. टूर म्हणते, जुनं बघा आणि नवं बघा. पण जुनं आणि नवं यांच्यामध्ये जो खरा प्रश्न उभा आहे तो विचारत नाही. चारशे वर्षांपूर्वी जिथं पाणी उतारानं घरापर्यंत यायचं, तिथं आज टँकर का फिरतो? नहरी फुटल्या, त्यांच्यावर घरं चढली, नाल्यांचं पाणी त्यांत घुसलं, हे कुणी होऊ दिलं? हा प्रश्न हिंदूचा नाही आणि मुसलमानाचाही नाही, म्हणून कदाचित कुणाच्या कामाचा नाही. आमच्यासाठी तर तो परका मुळीच नाही. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा आमच्याच जिल्ह्यात येतो. नाथसागरात पाणी कमी झालं की संभाजीनगरचा नळ आणि पाथरीकडचा ऊस एकाच वेळी चिंतेत पडतात.

आणखी एक जागा. पाणचक्कीपासून नागसेनवन काही फार लांब नाही. तिथं बाबासाहेबांनी १९५० साली मराठवाड्यातलं त्यांचं कॉलेज सुरू केलं, ते आजचं मिलिंद महाविद्यालय. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पायरीवरही उभं केलं नव्हतं, अशी परभणी-नांदेड-बीडकडची पोरं तिथं शिकून प्राध्यापक झाली, लेखक झाली. या शहरातलं सर्वांत नवं काय, असं मला कुणी विचारलं तर मी मॉल दाखवणार नाही, मिलिंद दाखवीन. भडकल दरवाजाजवळ तर हे एका नजरेत दिसतं. मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला दरवाजा, आणि शेजारी बाबासाहेबांचा पुतळा. गुलाम म्हणून विकलेला एक माणूस आणि गुलामी मोडायला निघालेला दुसरा. बस तिथून गेली. हॉर्न वाजवत गेली.

यावर मला उत्तर ठाऊक आहे, कारण परतीच्या रस्त्यात गाईडनं ते मला स्वतःच दिलं. दहा तासांत किती दाखवणार? लोकांना फोटो हवा असतो, प्रवचन नको. आणि हल्ली काय बोललं तर कोण कुठं व्हिडिओ काढील, सांगता येत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी सर्वांत जास्त. दौलताबादच्या किल्ल्यात एक वास्तू आहे. खांब देवळांचे, आराखडा खिलजींच्या काळातल्या मशिदीचा, आणि १९४८ नंतर आत भारतमातेची मूर्ती. तिथं गाईडनं घाईघाईनं दोन वाक्यं सांगून आम्हाला पुढं नेलं. मला त्याचा राग आला नाही. ज्या समाजात एका वाक्यावरून माणसाची रोजी जाऊ शकते, तिथं तो दोनच वाक्यं बोलणार. पण त्या इमारतीत देऊळ पाडलं गेल्याचं दुःख आहे, मशीद गेल्याचं दुःख आहे आणि नव्या देशाचा उत्साहही आहे. तिन्ही ऐकून घेण्याइतकं काळीज आपलं मोठं व्हायला हवं. तोवर गाईड घाईतच राहणार.

वेळेचं म्हणाल तर मी काही जादा मागत नाही. मलिक अंबरच्या मजारीवर दहा मिनिटं. भडकल दरवाजापाशी बसमधून न उतरता पाच मिनिटं. पाणचक्कीवर चक्कीऐवजी पाणी कसं यायचं ते दाखवायला दहा. एका चहाइतका वेळ.

आणि आमच्या परभणीचं काय? इथं अशी बस नाही, आणि परभणीत बघायला काय आहे, असं आपणच आधी म्हणतो. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर फेब्रुवारीत उर्स भरतो. तिथं चादर घेऊन येणाऱ्यांची नावं विचारा, निम्मी हिंदू निघतील. बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते, ते याच गावात, आणि १९५३ साली चाळिशीतच गेले. गंगाखेड जनाबाईंचं. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची हेमाडपंती देवळं उभी आहेत. १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ गावाला लागून आहे. पाथरीचं नाव मात्र महाराष्ट्राला नीट कळलं ते जानेवारी २०२० मध्ये, साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादात. म्हणजे भांडण लागल्यावर.

माझं म्हणणं एवढंच की, भांडण लागायची वाट न बघता आपण आपलं गाव आपल्याच पोरांना दाखवावं. उर्दू शाळेच्या आणि मराठी शाळेच्या नववीच्या वर्गानं एका रविवारी एकाच एस.टी.त बसावं. दर्गा, बी. रघुनाथांचं स्मारक, चारठाणा, गंगाखेड. दर्ग्यात उर्दू शाळेच्या पोरांनी गप्प बसावं आणि मराठी शाळेच्या पोरीनं माहिती सांगावी. चारठाण्यात उलटं करावं. खर्च डिझेलचा आणि डब्यातल्या पोळीभाजीचा. शिक्षक मंडळींपैकी कुणी मनावर घेतलं तर पहिल्या फेरीच्या एस.टी.चं भाडं मी भरतो. पुढच्या उर्साआधी झालं तर उत्तम.