घर कुणाच्या नावावर होतं?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात शार्की नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, पण इथली लोकसंख्या चार हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. २४ मार्च २०२३ ला, शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास, तिथल्या रोलिंग फोर्क या मुख्य गावावर टॉर्नेडो आदळला. उन्हाळ्यात रानात पाचोळा गरगरा फिरवणारी वावटळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. टॉर्नेडो दिसायला तसाच, पण तो ढगातून खाली उतरतो आणि घरं उचलतो. या टॉर्नेडोतल्या वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे होता. जवळपास ९५ किलोमीटर तो जमिनीला टेकून चालला आणि त्या वाटेवर १७ माणसं मेली. गावच्या इस्पितळाचंही नुकसान झालं, रुग्ण दुसरीकडे हलवावे लागले. आठवडाभरात राष्ट्राध्यक्ष बायडेन येऊन पाहणी करून गेले.

बातमी म्हणून हे इथे संपतं. आम्हाला त्यापुढचं बोलायचं आहे.

या कौंटीत दहातले सात जण कृष्णवर्णीय आहेत. दर तिघांमागे जवळपास एक जण दारिद्र्यरेषेखाली. चारी बाजूंना कापूस, सोयाबीन, मक्याची सपाट काळी जमीन, देशातल्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक. ती पूर्वी गुलामांनी आणि नंतर वाटेकरी कुळांनी कसली, पण कसणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या नावावर ती झाली. पुढे कापूस वेचायचं यंत्र आलं आणि वेचणाऱ्या हातांची गरजच उरली नाही. ज्यांना जमलं ते शिकागोकडे गेले. रोलिंग फोर्कला आपलं गाव म्हणवणारा गायक मडी वॉटर्स त्यांच्यातलाच. मागे राहिले ते भाड्याच्या घरांत, नाहीतर मोबाइल होममध्ये.

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात तयार करून आणून ठेवलेलं हलकं घर. त्याला बहुतेकदा पक्का पाया नसतो. अमेरिकेतल्या एकूण घरांत ही घरं सहा टक्क्यांच्या आसपास. पण टॉर्नेडोत घरातच सापडून मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं याच घरांत मेली आहेत. अशी घरं वाऱ्यात टिकावीत म्हणून १९९४ मध्ये कडक नियम झाले, पण ते लागू झाले समुद्रकिनाऱ्यालगतच्या चक्रीवादळाच्या पट्ट्यांना. आतल्या भागाला जुनाच सैल नियम. शिवाय या सखल भागात पाणी वरच लागतं, त्यामुळे तळघरं जवळजवळ नाहीत. इशारा आधी मिळाला होता. पण तो मिळाल्यावर जायचं कुठे?

वादळ गेल्यावर मदत आली. केंद्रीय आपत्ती यंत्रणा आली, अर्ज भरून घेतले गेले. घरदुरुस्तीचं अनुदान मिळतं घरमालकाला. भाडेकरूला मिळते थोड्या दिवसांच्या निवाऱ्याची आणि सामानाची मदत. घर पुन्हा बांधायचं की मोकळी जागा विकून टाकायची, हे मालक ठरवणार. रोलिंग फोर्कमध्ये भाडेकरू पुष्कळ होते.

ज्यांची स्वतःची जमीन आहे, त्यांचीही वेगळीच अडचण. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची बरीच जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या खाली आलेली. आजोबाच्या नावावरची जमीन, वारस तीस, नोंद कुणाचीच नाही. ज्यांच्या घरी वारसनोंदीसाठी वर्षानुवर्षं चावडीच्या फेऱ्या झाल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. न्यायालयावर आणि वकिलावर विश्वास नव्हता, कारण त्याच दोघांनी आधी जमिनी गिळल्या होत्या. मग वादळ आलं की अर्जावर शेरा पडायचा : मालकी सिद्ध होत नाही. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२१ मध्ये हा नियम सैल झाला आणि इतर पुरावे, शेवटी स्वयंघोषणापत्रसुद्धा, चालेल असं ठरलं. तोवर किती घरं ताडपत्रीखाली गेली, ती वेगळीच.

याला निसर्गाचा कोप म्हणणाऱ्यांनी १९२७ चा महापूर आठवावा. त्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीचा बांध फुटला. शेजारच्या कौंटीतल्या ग्रीनव्हिल शहरात हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं बांधाच्या चिंचोळ्या माथ्यावर अडकली. माणसं हलवायला बोटी आल्या होत्या. गोऱ्यांना घेऊन त्या निघून गेल्या. काळ्या कुळांना मुद्दाम मागे ठेवलं, कारण गेलेला मजूर परत येणार नाही अशी मळेवाल्यांना धास्ती होती. बंदुकीच्या धाकाने त्यांच्याकडून बांधाची कामं करून घेतली. रेड क्रॉसचा शिधा मळेवाल्यांच्या हातून वाटला जाई. चौकशीसाठी रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीयांचा आयोग नेमला गेला, पण त्याने पाहिलेलं सगळं लोकांसमोर येऊ दिलं नाही. मदतकार्याचे प्रमुख हर्बर्ट हूव्हर पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

वंश आणि जात एक नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. तरी जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी संपवणाऱ्यांना. तिकडचं दुःख आपल्याला तेव्हापासून ओळखीचं आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनममध्ये दलितांना मदतछावण्यांतून कसं दूर ठेवलं गेलं, त्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी करून ठेवल्या आहेत. ते उघड हाकलणं होतं, म्हणून दिसलं तरी. कागदावरचं हाकलणं दिसत नाही.

केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष एकदा वाचा. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला, पक्कं असो की कच्चं, १ लाख २० हजार रुपये. पडलेल्या झोपडीला ८ हजार. झोपडी म्हणजे गवत, माती, प्लास्टिकचं तात्पुरतं, कच्च्या घराहूनही हलकं बांधकाम. शिवाय अट अशी की घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे. आता आपली वस्ती डोळ्यांसमोर आणा. गावकुसाबाहेर, गायरानावर, नाल्याच्या काठाला. मातीची भिंत, वर पत्रा, पत्र्यावर दगड. हे कच्चं घर की झोपडी? तलाठी किंवा पटवारी पंचनाम्याच्या रकान्यात एक शब्द लिहितो आणि त्या शब्दाने १ लाख १२ हजारांचा फरक पडतो. पंच म्हणून सही कुणाची? बहुधा वरच्या आळीतल्या कुणाची तरी.

पिकाचंही तेच. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं की सातबाऱ्यावरच्या नावाला भरपाई मिळते. त्याच सोयाबीनच्या काढणीवर ज्यांची दिवाळी होणार होती, त्यांच्या बुडालेल्या मजुरीला पंचनाम्यात रकानाच नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर आहेत. पंचनामा होतो तेव्हा आपण पुण्यात, हैदराबादला, सुरतेला कामावर असतो. घरी आई असते, आणि ती साहेब दाखवतील तिथे अंगठा देते. रात्री फोनवर सांगते, ‘‘लिहून नेलंय बाबा, काय लिहिलं ते नाही सांगितलं.’’

तेवढं ऐकून फोन ठेवायचा नाही. पडलेल्या घराचे फोटो कुणाकडून तरी त्याच दिवशी काढून घ्यायचे, त्यांत भिंत, चौकट, चूल, विजेचा मीटर दिसला पाहिजे. घरपट्टीची जुनी पावती, विजेचं बिल, शिधापत्रिका, जे सापडेल ते जोडायचं. पंचनाम्याची प्रत मागायची, दिली नाही तर माहिती अधिकारात मागायची. आणि प्रत हातात आली की सगळ्यात आधी तो रकाना बघायचा : तिथे ‘घर’ लिहिलंय की ‘झोपडी’.