रात्रपाळीच्या शेजाऱ्याला न उठवणारा स्पीकर

आमच्या भिंतीपलीकडचे नाना महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळीला असतात. सकाळच्या बसने येतात, चहा घेतात आणि खिडकीला जाड चादर लावून झोपतात. दोन वर्षांपूर्वी मी दिवाळीच्या बोनसमधून होम थिएटर आणलं. पाच छोटे स्पीकर, एक मोठा डबा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘10,000 वॅट पीएमपीओ’. तिसऱ्या दिवशी नानांच्या घरून वहिनी दारात उभ्या. म्हणाल्या, “भाऊ, गाणं कोणतं लावता ते काही कळत नाही हो. नुसतं धप-धप येतं. गाणं तरी ऐकू आलं असतं तर चाललं असतं.”

त्या भांडल्या असत्या तर मीही दोन शब्द सुनावले असते. पण त्यांनी मुद्द्यावरच बोट ठेवलं. गाणं माझ्या घरात राहत होतं आणि धप-धप त्यांच्याकडे जात होती.

हे असं का होतं, ते सुरतेजवळच्या हजीऱ्यात राहणाऱ्याला समजावणं सोपं आहे. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजाचा भोंगा आठवा. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी तो आत येतोच. दोनशे मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा भोंगा 70 ते 200 हर्ट्झच्या पट्ट्यातच हवा, असा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम आहे; आणि खालचा सूर लांबवर जातो आणि वाटेतल्या आडोशाला फारशी दाद देत नाही. होम थिएटरचा तो मोठा डबा साधारण याच पट्ट्यात आणि त्याच्याही खाली काम करतो. भिंत बासरी अडवते, खर्ज सोडून देते. म्हणजे मी बोनस मोजून दिवाणखान्यात जहाजाचा भोंगा आणून ठेवला होता.

आपल्यापैकी कुणी खताच्या कारखान्यात आहे, कुणी गॅसच्या, कुणी पोलादाच्या. पण क्वार्टर असो की इच्छापोर-कवासकडची भाड्याची खोली, भिंत सगळ्यांची सामाईक आणि पलीकडे कुणीतरी पाळीवरून येऊन झोपलेलं. म्हणून माझं सांगणं असं की, यंदा मोठा डबा घेण्याआधी दोन रविवार मोकळे काढा आणि घरीच एक छोटा स्पीकर बांधून पाहा. तीन इंचांचा, एकच, ‘फुल रेंज’. खालचे सूर वेगळ्या स्पीकरला, वरचे वेगळ्याला अशी वाटणी न करता एकाच कागदी कोनातून सगळं वाजवणारा, तो फुल रेंज.

नाव नवं वाटेल, पण आपण सगळे त्याच्यावरच वाढलो. अमळनेरला आमच्या घरी आप्पांच्या फळीवर वॉल्व्हचा रेडिओ होता. त्यात स्पीकर एकच. मागची बाजू भोकांच्या पुठ्ठ्याची, जवळजवळ उघडीच. बातम्या, कीर्तन, नाट्यगीतं, क्रिकेटचं धावतं वर्णन, सगळं त्या एका कागदातून यायचं आणि बातमीदाराचा आवाज खोलीत माणूस बसल्यासारखा वाटायचा. अशा रेडिओंचा फिलिप्सचा एक कारखाना पुण्याजवळ 1959मध्ये निघाला होता. आणि मुळातली युक्ती, म्हणजे चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदी कोन, ती अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी 1925मध्ये मांडली. आजचा तुमचा स्पीकर त्याच पद्धतीने हलतो. इतकी जुनी आणि उघडी गोष्ट असल्यामुळेच ती घरी करून बघता येते. मोबाइलच्या आतलं आपण काय करून बघणार!

आधी तो वॅटचा भ्रम काढून टाकू. पीएमपीओ हा आकडा कुठल्याही मापात बसत नाही, तो फक्त खोका खपवतो. साधा तीन इंची स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, 84-85 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तेवढ्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायला मोठ्याने बोलावं लागतं. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. निवासी भागासाठी सरकारी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल आहे. म्हणजे हातभर अंतरावर बसून गाणं ऐकायला अर्धा वॅटसुद्धा पुष्कळ झाला. हे कळल्यावर दुकानदाराशी बोलायची आपली भाषाच बदलते.

स्पीकर कुठून आणायचा? विकत घ्यायचा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली आहेच. पण पहिला विकत घेऊ नका. घराच्या माळ्यावर बघा. बिघडलेल्या कॉम्प्युटर-स्पीकरचे, होम थिएटरचे छोटे डबे पडलेले असतात. मी माझ्या त्या 10,000 वॅटवाल्याचाच एक डबा उघडला. आत नखाने दाबलं तर वाकणारं प्लॅस्टिक, भरण काही नाही, आणि मधोमध बिचारा बऱ्यापैकी तीन इंची स्पीकर. एक मात्र बजावतो: जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. त्यातला स्पीकर हवा असेल तर मेकॅनिककडून काढून घ्या. 230 व्होल्टवर चालणारी कोणतीही वस्तू उघडू नका. आपलं सगळं काम पाच व्होल्टांत होतं.

हातात आलेला स्पीकर आधी तपासा. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन चारी बाजूंनी सारखा, हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, तो बाजूला ठेवा. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. ‘खट्’ झालं पाहिजे. सेलचं अधिक टोक ज्या टोकाला लावल्यावर कोन बाहेर येतो ते स्पीकरचं अधिक, तिथे लाल खूण करा. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहा-सातच दाखवतो, त्याने दचकू नका. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत टोकांवर हिरवट थर येतो. ब्लेडने खरवडून पुन्हा सोल्डर मारा. कोनाची कडा फोमची असेल तर नखाने हळूच बघा. दमट हवेत ती काही वर्षांत कुजून भुगा होते. रबराची किंवा कापडाची कडा टिकते.

अॅम्प्लिफायरसाठी पीएएम 8403 नावाचा बोटभर बोर्ड मिळतो. चांगल्या मोबाइल चार्जरच्या पाच व्होल्टवर तो प्रत्येक बाजूला तीन वॅटपर्यंत देतो, म्हणजे आपल्याला हवा त्याच्या सहापट. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या वजा वायरी एकमेकींना जोडू नका, अर्थिंगलाही लावू नका. तसं केलं की तो बोर्ड मुकाट्याने मरतो. माझे दोन मेले.

आता खरी गंमत. स्पीकर नुसताच हातात धरून एखादी मुलाखत लावा. आवाज पत्र्याच्या डबड्यातून आल्यासारखा, किरटा. मग फ्रिजच्या खोक्याचा दोन फूट रुंद, दोन फूट उंच पुठ्ठा घ्या. मध्याच्या जरा बाजूला भोक पाडा आणि स्पीकर त्यावर मागून दाबून धरा. वाजत असतानाच दाबा, मग काढा, मग पुन्हा दाबा. बोलणाऱ्याला छाती येते आणि जाते. माझ्या धाकट्याने हे वीस वेळा केलं. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मध्ये आडोसा नसेल तर खालचे सूर कडेवरून वळून एकमेकांना खाऊन टाकतात. पुठ्ठा हा तो आडोसा. आप्पांच्या रेडिओची लाकडी पेटीही तेच काम करायची. हा प्रयोग फुकटचा आहे आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ‘पेटी कशाला लागते’ याचं उत्तर एकदा कानाने ऐकलं की विसरत नाही.

दुसरा प्रयोग माठाचा. गावाकडे स्पीकर माठाच्या तोंडावर ठेवतात, आणि शहरातले लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. भाजलेल्या मातीची भिंत टणक असते, गोल असते. दोष एकच, रिकामा माठ आपलाच एक सूर लावून धरतो. कुणी कुठल्याही सुरात गायलं तरी माठ ‘हूं’ करतो. त्यात उशीतलं फायबर सैलसर भरा, तो गप्प बसतो. आपण सुरतेच्या दारात राहतो. पॉलिस्टरचं फायबर आणि जॉर्जेटचे तुकडे इथे नाही मिळणार तर कुठे? फायबर पेटीत भरायला आणि जॉर्जेट स्पीकरच्या तोंडावर ताणायला. कापड ओठांशी धरून फुंकून बघा. फुंकर सहज आरपार गेली पाहिजे.

मग पेटी. फर्निचरवाल्याकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून बारा मिलिमीटरचा प्लाय मागा. एमडीएफ नको, पावसाळ्यात समुद्राच्या हवेने त्याच्या कडा फुगतात. आतली मापं 12 बाय 12 बाय 18 सेंटिमीटर ठेवा, म्हणजे अडीच लिटरला थोडी जास्त जागा होते. तीन इंची स्पीकरला बंद पेटीत एवढी पुरते. सांधे फेव्हिकॉलने, पण मागची फळी चिकटवू नका, स्क्रूने बसवा आणि कडेला फोमची पट्टी लावा. फायबर किती भरायचं हे कुणीच सांगू शकत नाही. थोडं घाला, ऐका, काढा, ऐका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने याचा पत्ता लागत नाही.

इथे मी माती खाल्ली, ती ऐका. पहिल्या पेटीचं तोंड मी जुन्या पत्र्याचं केलं, आणि घाई म्हणून स्पीकर बसवलेला असतानाच शेजारी आणखी एक भोक पाडलं. लोखंडाचा कीस उडाला आणि चुंबकाने तो ओढून घेतला. एक कण फटीत गेला. त्यानंतर तो स्पीकर प्रत्येक ‘स’ला खरखरतो. कापूस, चिकटपट्टी, फुंकर, सगळं करून झालं. आपल्यातले बरेच जण वर्कशॉपमध्ये काम करतात, शर्टाच्या खिशात आणि बाहीत लोखंडाची भुकटी घेऊन घरी येतात. अंघोळ करून, कपडे बदलून मगच या कामाला बसा. आणि भोकं सगळी आधी.

मी खाली बसून हे उद्योग करत होतो तेव्हा आई गावाहून आलेली. “हाई काय करी ऱ्हायना रे भो?” म्हणून डोकावली. मी भीमसेन जोशींचं एक भजन लावलं. ती काही बोलली नाही, पाट ओढून बसली.

ऐकायचं कसं, तेही सांगतो. सुरुवात गाण्याने करू नका. ज्याचा आवाज तुम्हाला प्रत्यक्ष माहीत आहे अशा घरच्या माणसाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ते वाजवा. तो माणूस ओळखीचा वाटला तर निम्मं काम झालं. मग तानपुरा, मग तबला. तबल्याची चाट स्वच्छ येईल, डग्ग्याची घुमक अर्धीच येईल. हा स्पीकर साधारण 120-150 हर्ट्झच्या खाली नीट उतरत नाही, आणि ते मी लपवणार नाही. पण आपला कान हुशार आहे. खालचा मूळ सूर नसला तरी त्याच्या वरच्या सुरांवरून कान तो स्वतःच भरून काढतो. म्हणून तर फोनवरसुद्धा आप्पांचा खर्जातला आवाज आप्पांचाच वाटतो. ज्याला मिरवणुकीचा ढोल छातीत हवा आहे, त्याने हा स्पीकर बांधू नये.

आवाज कानाला टोचला तर लगेच सर्किटच्या मागे लागू नका. छोट्या फुल रेंजचा वरच्या सुरांत थोडा आगाऊपणा असतो, आणि तो नाकासमोर सरळ येतो. पेटी जराशी तिरकी फिरवा, तोंड तुमच्या कानाऐवजी खांद्यापलीकडे जाऊ द्या. आवाज पातळ वाटला तर पेटी मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर न्या. भिंत खालच्या सुरांना टेकू देते. पण ती भिंत नानांची नसावी. माझी पेटी स्वयंपाकघराच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीशी आहे. सकाळी नऊला अभंग लागतात. वहिनींना मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, “सध्या लावत नाही का काही?”

गणपतीला अजून वेळ आहे. घरच्या आरतीपुरती एक पेटी दोन रविवारांत सहज होते, पहिला रविवार पुठ्ठ्याचा आणि माठाचा, दुसरा प्लायचा. त्या होम थिएटरचे पाचांपैकी तीन स्पीकर माझ्याकडे शिल्लक आहेत. एक वाजतो आहे, एक मी लोखंडाच्या किसाने मारला. उरलेल्यांपैकी कुणाला हवा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. फक्त सकाळी येऊ नका. या महिन्यात मीही रात्रपाळीला आहे.