रिकामी जागा कुणाची?

निवडणुकीत घोटाळा सिद्ध झाला, जिंकलेल्याला घरी पाठवले. मग ती जागा हरलेल्याला द्यायची का? अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे हा प्रश्न १७९२ साली आला. नव्या राज्यघटनेखालचे सरकार सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.

जॉर्जियाच्या एका मतदारसंघात जनरल अँथनी वेन यांनी विद्यमान सदस्य जेम्स जॅक्सन यांना हरवले. वेन म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातले गाजलेले नाव. पण जॅक्सन गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पुरावे गोळा केले आणि तक्रार थेट सभागृहात नेली. कॅम्डेन काउंटीतल्या मतांत हेराफेरी झाली होती आणि त्यात चक्क एक न्यायाधीश, हेन्री ऑस्बोर्न, गुंतलेले निघाले. ज्याच्या दारात इन्साफ मागायचा तोच! राज्याच्या विधिमंडळाने त्यांच्यावर महाभियोग चालवला.

वेन यांची निवड सभागृहाने एकमताने रद्द केली. जॅक्सन यांना जागा द्यावी या ठरावावर मात्र २९ विरुद्ध २९ अशी मते पडली, आणि अध्यक्ष जोनाथन ट्रम्बुल विरोधकांच्या बाजूने उभे राहिले. जागा रिक्त जाहीर झाली. त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली आणि तिसराच माणूस, जॉन मिलेज, निवडून आला.

जॅक्सन यांच्यावर अन्याय झाला असे म्हणणारे मला भेटतील, आणि त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. लबाडी त्यांनी उघडी पाडली, फळ दुसऱ्याला मिळाले. तरीही मला सभागृहाचा निर्णय बरोबर वाटतो. खोटी मते वगळता येतात; पण गोंधळात ज्याचे खरे मत बुडाले त्याचे काय? ते शोधायला पुन्हा मतदाराकडेच जावे लागते. जागा उमेदवाराच्या मालकीची असती तर ती जॅक्सन यांना परत करता आली असती. म्हणूनच अमेरिकी राज्यघटनेने प्रतिनिधिगृहाची रिकामी जागा नेमणुकीने भरू दिलेली नाही. राज्यपालाने निवडणूक बोलवायची, एवढेच.

अर्थात 'मतदार' म्हणजे तरी कोण? त्याच राज्यघटनेने जागा वाटताना पाच गुलामांची तीन माणसे धरली. त्या गुलामांना मत नव्हते, ना वेन यांच्या निवडणुकीत, ना मिलेज यांच्या. वेन यांना मात्र वॉशिंग्टन यांनी त्याच वर्षी देशाच्या सैन्याचे सरसेनापती केले.