केंद्रकाची भिंत कशासाठी?

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. मी मराठीचा शिक्षक, पण विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. "केंद्रक म्हणजे पेशीचा राजा, तो बसल्या जागेवरून हुकूम सोडतो," असं मी वर्षानुवर्षं सांगितलं. परवा नातीचं जीवशास्त्राचं पुस्तक चाळलं, आणखी थोडं वाचलं, आणि वाटलं, आपलं चुकलंच.

केंद्रकात डीएनएवरून आरएनए उतरवला जातो, पण तो नुसता कच्चा खर्डा. त्याच्या एका टोकाला टोपी चढते, दुसऱ्याला शेपूट लागतं. मधले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून उरलेले एक्सॉन सांधले जातात. स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं. तयार आरएनए जेमतेम १४ हजारांचा! ही काटछाट १९७७ साली उघडकीला आली. त्याबद्दल फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना १९९३ चं नोबेल मिळालं.

जिवाणूत केंद्रकाची भिंत नाही. तिथे आरएनए पुरा उतरण्याआधीच प्रथिन बनू लागतं. आपल्या पेशीत मात्र सांधून झालेल्या आरएनएवर ठरावीक प्रथिनं चढतात, तेव्हा तो भिंतीतल्या छिद्रांतून बाहेर पडतो. अर्धवट खर्डा बहुधा आतच अडवला जातो. म्हणून मला वाटतं, ही भिंत राजवाड्याची नाही; छापण्याआधी तपासायला उसंत देणारी आहे.

ही तपासणी किती मोलाची? एसएमए या आजारात बाळाचं एसएमएन१ जनुक निकामी असतं. त्याचंच जुळं, एसएमएन२, शाबूत असतं. पण एका अक्षराच्या फरकामुळे त्याचा सातवा एक्सॉन बहुतेक वेळा कापलाच जातो आणि प्रथिन टिकत नाही. बाळाचे स्नायू दुबळे होत जातात. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं नुसिनर्सेन हे औषध जनुकाला हातच लावत नाही. ते फक्त एवढंच साधतं, की तो एक्सॉन गळू नये.

निबंधात काय गाळायचं, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. विज्ञानाच्या तासाला मात्र हुकूमच तेवढा शिकवला. तुमच्यापैकी जे अजून शिकवतात त्यांना विनंती, राजाची उपमा आता सोडा. मुलांना सांगा, लिहिण्याइतकंच निवडणंही महत्त्वाचं असतं.